सागवानी कोस्टरवर ठिपक्यांची रांगोळी

घरच्या टेबलावर मावणाऱ्या छोट्या सीएनसी राउटरवर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेनुसार फिरत्या कटरने लाकूड कोरणाऱ्या यंत्रावर, करता येणाऱ्या वस्तूंत मी पहिला मान कोस्टरला, म्हणजे कपाखाली ठेवायच्या चकतीला, देते. कामाच्या क्षेत्रावरून ‘३०१८’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या यंत्रांवर साधारण ३०० बाय १८० मिलिमीटर एवढीच जागा मिळते. त्यात ९० मिलिमीटर व्यासाचे तीन कोस्टर एका ओळीत बसतात आणि लाकूडही फारसे लागत नाही, दारे-खिडक्या करणाऱ्या सुताराकडे उरलेल्या सागवानाच्या तुकड्यांत भागते.

नक्षीसाठी मी ठिपक्यांची रांगोळी घेते, आणि त्यामागे हौसेपेक्षा हत्याराचा विचार अधिक आहे. गोल फिरणाऱ्या कटरला आतला कोपरा टोकदार काढता येत नाही, त्याच्या त्रिज्येएवढी गोलाई तिथे राहतेच. रांगोळी मात्र सगळी रेघांचीच असल्याने ६० अंशांचा व्ही-बिट (‘V’सारख्या निमुळत्या टोकाचा कटर) रेघेवरून एकदा फिरवला की काम होते. रेखाटन इंकस्केप या चित्र रेखाटण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ठिपके मांडून हातानेच करावे. फोटोवरून आपोआप ट्रेस केल्यास संगणक एका रेघेच्या दोन कडा धरतो आणि बिट दोन्हींवरून फिरतो.

व्ही-बिटचा खरा कस फळीच्या सपाटीवर लागतो. हा बिट जितका खोल जाईल तितकी रेघ रुंद होते: १ मिलिमीटर खोलीला सुमारे १.१५ मिलिमीटर रुंदी. फळीची एक बाजू ०.३ मिलिमीटरने उंच असली, तरी तिकडची रेघ जवळजवळ ०.३५ मिलिमीटरने जाड उमटते आणि नवख्या चिमटीतून सुटलेल्या रांगोळीसारखी दिसते. त्यामुळे फळी आधी त्याच यंत्रावर तासून घ्यावी, आणि नक्षी पूर्ण होईपर्यंत क्लॅम्पला हात लावू नये.

बाहेरचा गोल कापणे हे धीराचे काम आहे. ३.१७५ मिलिमीटरचा कटर दर फेरीला अर्धा मिलिमीटर उतरवला आणि वेग मिनिटाला ४०० मिलिमीटर ठेवला, तर ८ मिलिमीटर जाडीच्या फळीत सोळा फेऱ्या होतात आणि एका कोस्टरला बारा मिनिटे लागतात. घाई केल्यास या यंत्रांची हलकी चौकट थरथरते आणि कड खरबरीत निघते. सागवानात सिलिका असल्याने धारही लवकर जाते. भुश्याऐवजी बारीक पीठ पडू लागले की कटर बदलावा. तोंडाला मास्क तर हवाच.

शेवटचा हात कसला द्यायचा, हे कोस्टरवर काय ठेवणार त्यावरून ठरवावे. लाखेच्या फ्रेंच पॉलिशवर गरम चहाच्या कपाने पांढरे डाग पडतात. रेघा चकचकीत रेझिनने भरण्याची सध्या टूम आहे, पण सागवानावर ती मला रुचत नाही. मी उकळलेले जवसाचे तेल लावते, तेही दोन्ही बाजूंना सारखेच, कारण एकच बाजू ओलावा शोषत राहिली की पातळ लाकडाला बाक येतो. तेलाचा बोळा मात्र चुरगाळून कचऱ्यात टाकू नये: जवसाचे तेल वाळताना तापते आणि बोळा आपोआप पेटू शकतो, म्हणून तो पसरून बाहेर वाळवावा किंवा पाण्यात बुडवून ठेवावा.