डिपॉझिट अडकलंय? कॅलिफोर्नियाचं स्मॉल क्लेम्स कोर्ट

घर सोडल्यापासून २१ दिवसांत घरमालकाने डिपॉझिट परत द्यायचं, किंवा कशाचे किती कापले याचा लेखी हिशोब द्यायचा, असा कॅलिफोर्नियाचा कायदा आहे. नाहीच दिलं तर आधी लेखी मागणी करा. मगच स्मॉल क्लेम्सचा, म्हणजे छोट्या रकमेच्या दाव्यांच्या कोर्टाचा रस्ता. इथे व्यक्तीला १२,५०० डॉलरपर्यंत दावा लावता येतो, आणि सुनावणीत वकील उभाच राहू शकत नाही. घरमालकाचाही नाही!

दाव्यासाठी एससी-१०० हा फॉर्म भरायचा. फी रकमेप्रमाणे साधारण ३० ते ७५ डॉलर. प्रतिवादीचं नाव भाडेकरारात आहे तसंच लिहा. घर कंपनीच्या नावावर असताना मॅनेजरवर दावा लावला, तर निकाल लागूनही वसुली अडते.

खरी गाडी अडते ती समन्स बजावण्यात. कागद तुम्ही स्वतः द्यायचे नाहीत. १८ वर्षांवरची, दाव्यात नसलेली व्यक्ती लागते. हातोहात द्यायचे तर कोर्टाच्याच काउंटीत (जिल्ह्यात) सुनावणीच्या किमान १५ दिवस आधी, काउंटीबाहेर २० दिवस. बजावल्याचा फॉर्म, एससी-१०४, कोर्टात दिला नाही तर बहुधा नुसती पुढची तारीख मिळते.

सुनावणी काही मिनिटांत उरकते. घरात शिरतानाचे नि सोडतानाचे फोटो छापून न्या, फोन पुढे करू नका. मुद्दाम पैसे दाबल्याचं पटलं, तर डिपॉझिटच्या दुपटीपर्यंत जादा भरपाई मिळू शकते.

एक मेख आहे: फिर्यादी हरला तर त्याला स्वतःच्या दाव्यावर अपील नाही. प्रतिवादीला मात्र ३० दिवस. आणि जिंकलात तरी पैसे कोर्ट वसूल करून देत नाही, मागे तुम्हालाच लागावं लागतं.