बॉस मरेपर्यंत वाजणारी चाल

गेमच्या संगीताला कुणी "अगदी सिनेमासारखं वाटतं हो" असं म्हटलं की मला ते कौतुक वाटतच नाही. सिनेमाच्या संगीतकाराला एक गोष्ट आयती मिळालेली असते: प्रसंग किती वेळ चालणार ते. नायक दोन मिनिटं पळणार असेल तर दोन मिनिटांचं संगीत करायचं आणि मोकळं व्हायचं. गेममधला नायक माझ्या हातात असतो. मी सरळ दाराकडे जाईन, किंवा वाटेतली मडकी फोडत बसेन, किंवा त्याला पावसात उभा करून फोनवर बोलत राहीन. तेवढा वेळ संगीताने करायचं काय? तर वाजत राहायचं, आणि ऐकणाऱ्याला वीट येऊ द्यायचा नाही. मला या संगीतातलं जे जे आवडतं ते सगळं या एका अडचणीतून आलेलं आहे.

१९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये चाल म्हणावी असं काही नाहीच. उतरत्या क्रमाने जाणारे चार जाड स्वर, पुन्हा पुन्हा. पण शत्रू कमी होत जातात तसे उरलेले जोरात सरकायला लागतात आणि त्यांच्याबरोबर ते चार स्वरही. यामागचं कारण मजेदार आहे. इतके सगळे आकार एकदम हलवणं त्या यंत्राला झेपत नव्हतं, त्यामुळे गर्दी ओसरली की खेळ आपोआप वेग घ्यायचा. हा गेम बनवणाऱ्या तोमोहिरो निशिकाडो यांनी तो दोष काढून टाकला नाही, तसाच राहू दिला. परिणाम असा की लय वाढवते मीच, माझ्या नेमबाजीने. जितकी चांगली खेळते तितका जीव टांगणीला.

मग मारिओ. त्याच्याबद्दल सगळं लिहून झालंय असं वाटतं, पण एक गोष्ट मुद्दाम करून बघा. निन्टेन्डो कंपनीच्या १९८३ च्या फॅमिकॉम या घरगुती गेमयंत्रात आवाजाला एकूण ५ चॅनेल, म्हणजे एका वेळी वाजू शकणारे पाच आवाज, होते: दोन पल्स नावाच्या लहरीचे, एक ट्रँगल लहरीचा, एक निव्वळ खरखरीचा आणि एक रेकॉर्ड केलेल्या छोट्या तुकड्यांचा. चाल, साथ, खर्ज, ठेका हे सगळं एवढ्यातच बसवायचं, आणि खेळातले बाकीचे आवाजही त्यातूनच काढायचे. तर 'सुपर मारिओ ब्रदर्स' (१९८५) सुरू करा, पहिल्या लेव्हलमध्ये एकाच जागी उभे राहा आणि नुसत्या उड्या मारा. प्रत्येक उडीचा आवाज एक पल्स चॅनेल पळवतो आणि तिथे वाजत असलेला सूर तेवढ्यापुरता गप्प होतो. उडी संपली की परत येतो. नाणं उचललं की दुसऱ्या पल्सची तीच गत. कोजी कोंडो यांची ती चाल लहानपणापासून कानात आहे, पण आपण जी ऐकत आलो तिला आपल्याच उड्यांनी भोकं पाडलेली असतात. घड्याळ १०० च्या खाली गेलं की हीच चाल द्रुत होते आणि बोटं चुकायला लागतात, तो भाग निराळाच.

म्हणून तिची स्वच्छ, सबंध आवृत्ती नुसती ऐकायला लावली की मला ती ओकीबोकी वाटते. २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ही धून जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत घेतली. गेमचं संगीत त्या यादीत जाण्याची ती पहिलीच वेळ. आनंद झाला, नाही कशाला म्हणू. पण लगेच मनात आलं, कुणाच्या उड्यांसकट घेतलीय?

उलट टोकाचं उदाहरण १९९१ चं, 'मंकी आयलंड २'. तिथे मायकेल लँड आणि पीटर मॅकॉनेल यांनी आयम्यूज नावाची यंत्रणाच तयार केली. खेळाडू कुठे जातोय ते बघून संगीत वळण घेतं, पण ताल न तोडता. वुडटिक हे मोडक्या जहाजांवर वसलेलं गाव. त्यात फिरताना एकच चाल चालू असते. या दारातून आत शिरलं की वाद्यं बदलतात, बाहेर आलं की छोटीशी जोडओळ वाजते आणि मूळ चाल पुन्हा पकडली जाते. कुठल्याही मात्रेवर दार उघडा, सांधा ऐकू येत नाही. गवयाने वाटेल तिकडे भटकून यावं आणि तबलजीने समेवर त्याला बरोबर गाठावं, तसं. मी त्या गावात कोडी सोडवण्यापेक्षा दारांतून आत-बाहेर करण्यातच जास्त वेळ घालवलाय.

आता बॉस, म्हणजे टप्प्याच्या शेवटी गाठ पडणारा तगडा शत्रू. अवघड गेम खेळणाऱ्यांना हे सांगायला नको: बॉसच्या चालीची सुरुवात आपल्याला तोंडपाठ असते आणि पुढचं काहीच माहीत नसतं, कारण पुढचं ऐकायला आपण जिवंतच नसतो. 'हॉलो नाइट'मधले (२०१७) मॅन्टिस लॉर्ड्स आठवा. सिंहासनांवर तिघं बसलेले. आधी एकच खाली उतरतो. त्याला हरवलं की उरलेले दोघं एकदम. ख्रिस्टोफर लार्किन यांची ती चाल सुरुवातीपासूनच अशी सुटते की भाला येण्याआधी मानच आपोआप हलायला लागते. माझं कितीतरी दिवस त्या पहिल्या काही ओळींतच अडलं होतं. उडी, वार, डॅश, वार, मेले. परत पहिली ओळ. आणि मग एका फेरीत कानावर असं काहीतरी पडलं जे मी कधी ऐकलंच नव्हतं. पडद्यावर आपला जीव किती उरलाय हे बघायच्या आधी कानाने सांगितलं की आज आपण पुढे आलोय. हात थरथरायला लागले ते तिथून. (जिंकल्यावर ते तिघं तुम्हाला वाकून नमस्कार करतात. इतका सभ्य बॉस मी दुसरीकडे पाहिलेला नाही.)

हा अनुभव साउंडट्रॅकच्या अल्बममध्ये येऊच शकत नाही. अल्बममध्ये पुढचा तुकडा फुकट मिळतो.

गप्प बसायचं कधी हेही काही लोकांना छान कळतं. 'शॅडो ऑफ द कोलॉसस'मध्ये (२००५) घोड्यावरून मैलोन् मैल मोकळ्या माळावरून जायचं, आणि संगीत नाही. टापा आणि वारा, बस्स. तो प्रचंड प्राणी समोर आला की मगच को ओतानी यांचं संगीत सुरू होतं, आणि त्याच्या केसाळ अंगावर चढायला जमलं की त्याला वेगळीच उभारी येते. आर-वन बटण दाबून धरायचं, तो अंग झटकतोय, ताकदीचं वर्तुळ आक्रसत चाललंय, बोट दुखून आलंय तरी सोडायचं नाही. शेवटी तो कोसळतो आणि वाजतं काय, तर शोकाची धून. दुसऱ्या कुठल्या गेमने इथे तुताऱ्या वाजवल्या असत्या. मी इथे कंट्रोलर मांडीवर ठेवून नुसती बघत बसते, आपण हे का मारलं असं वाटत राहतं. 'माइनक्राफ्ट'मधला, सी-फोर-वन-एट हे टोपणनाव घेतलेल्या संगीतकाराचा पियानोही असाच, बराच वेळ काही नाही आणि मग खाणीत खणता खणता कुठूनतरी हळूच सुरू होतो. तोही अल्बम २०२५ मध्ये त्याच अमेरिकी यादीत गेला.

याउलट हल्लीच्या बऱ्याच मोठ्या गेम्सचे ढोल. शत्रूने मला बघितलं की ढोल, सगळे मेले की ढोल बंद. भाव वगैरे सोडा, तो चक्क हजेरीपट आहे. 'स्कायरिम'मध्ये तर मी कितीदा संगीतावरूनच ओळखते की झाडीत अजून एक लांडगा शिल्लक आहे. उपयोगी आहे, तक्रार नाही. फक्त त्यातली एक ओळ गुणगुणून दाखवा म्हटलं तर सहसा कुणाला येत नाही. मलाही नाही.

चाली जगभर गुणगुणल्या गेल्या, पण त्या करणाऱ्यांची नावं पुष्कळदा कुणाला कळलीच नाहीत. ऐंशीच्या दशकातल्या जपानी गेम्सच्या श्रेयनामावल्या वाचल्या तर निम्मी टोपणनावंच. १९८७ च्या पहिल्या 'रॉकमॅन'चं (बाहेरच्या जगासाठी 'मेगा मॅन') संगीत मानामी मात्सुमाए यांचं. नामावलीत त्या 'चानचाकोरिन मानामी' आहेत! दुसऱ्या कंपन्यांनी आपली माणसं पळवू नयेत म्हणून अशी नावं दिली जायची, असं सांगतात. म्हणून १९९१ च्या 'स्ट्रीट्स ऑफ रेज'च्या अगदी पहिल्या पडद्यावर संगीतकार युझो कोशिरो यांचं नाव दिसतं तेव्हा मला दरवेळी बरं वाटतं. ते नाव वाचूनच मी त्यांचं बाकीचं काम शोधत गेले.

तर अशी सगळी परंपरा असताना २३ जुलै २०२१ ला टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनात देशोदेशीचे खेळाडू गेमच्या संगीतावर मैदानात आले. सुरुवात 'ड्रॅगन क्वेस्ट'ने. मग 'फायनल फँटसी'मधली लढाई जिंकल्यावर वाजणारी धून, म्हणजे सामने सुरू व्हायच्या आधीच सगळे विजयी. थोड्या वेळाने 'क्रोनो ट्रिगर'मधल्या बेडूक योद्ध्याची चाल लागली आणि मी किंचाळलेच. गंभीर चेहऱ्याचे झेंडेवाले, कडक इस्त्रीचे कोट, आणि मागे एका शापित बेडकाचं रणगीत. घरच्यांना त्यात हसण्यासारखं काय आहे ते शेवटपर्यंत समजावता आलं नाही.

मला वाट होती ती मारिओची. २०१६ मध्ये रिओच्या समारोपाला जपानचे पंतप्रधान शिंझो आबे स्वतः मारिओची लाल टोपी घालून हिरव्या पाइपमधून वर आले होते, मग स्वतःच्या घरी तर ती चाल वाजणारच, असं मी धरूनच चालले होते. 'सॉनिक' वाजला. 'ग्रेडियस' वाजला. 'नीअर' वाजला, कुठल्याच देशात न बोलल्या जाणाऱ्या भाषेतल्या गाण्यांसाठी ओळखला जाणारा तो गेम. मारिओ ज्यांचा त्या निन्टेन्डोची मात्र एकही चाल आली नाही, आणि मी शेवटचा संघ आत येईपर्यंत टीव्हीसमोरून हलले नव्हते.