पेतायावेसीचं जुनं चर्च

रविवार, रात्री साडेदहा

बाहेर अजून लख्ख उजेड आहे, झोप येत नाही. आज यिवास्क्युलाहून बसने पेतायावेसीला जाऊन आले. फिनलंडला आल्यापासून तिथलं लाकडी चर्च बघायचं मनात होतं.

चर्च पाण्याकाठी आहे. पूर्वी लोक उन्हाळ्यात होडीने यायचे, हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावरून. १७६३ ते १७६५ या काळात याको लेप्पानेन या सुताराने ते बांधलं. पाइनचे ओंडके कोपऱ्यांवर खाचा पाडून एकमेकांत अडकवलेले, छपरावर लाकडाचीच कौलं. आत शिरले आणि मान वरच राहिली. चारही बाजू सारख्या लांबीच्या, अधिक चिन्हासारख्या, आणि मधोमध आठ कोनांचा घुमट. शहरातल्या दगडी चर्चची ही कल्पना त्याने नुसत्या फळ्यांत उतरवली आहे! घुमटावर गेरूसारख्या लाल रंगाची थोडी नक्षी. भिंतींना रंग नाही, लाकूड आपसूक काळवंडलंय. फळीवरून हात फिरवला की कुऱ्हाडीचे घाव बोटांना लागतात.

प्रवचनाचा लाकडी मंच संत ख्रिस्तोफरने खांद्यावर पेललाय. बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारा तो हाच. मला यमुनेतला वसुदेवच आठवला. बराच वेळ तिथेच उभी होते.

घंटेचा मनोरा १८२१ मधला, याकोच्या नातवाने, एर्कीने बांधलेला. पुढे १८७९ मध्ये गावात नवीन चर्च झालं आणि हे ओस पडलं. त्यामुळेच वाचलं, असं मला वाटतं. वापरात असतं तर कुणीतरी शेगडी बसवली असती, भिंती रंगवल्या असत्या, खिडक्या मोठ्या केल्या असत्या. १९२० च्या दशकात त्याची डागडुजी सुरू झाली आणि १९९४ मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेलं.

आमच्या गावच्या देवळाचा सभामंडप असाच लाकडी होता. सागाचे कोरीव खांब होते, तुळईवर पोपट होते. मी दहावीत असताना जीर्णोद्धार झाला. स्लॅब पडला, खाली गुळगुळीत फरशी आली. तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. आज ते फार लागलं.

परत येताना बसमधूनच काकांना फोन केला. तिकडे रात्र झाली होती. खांबांचं काय झालं, म्हणून विचारलं. जरा वेळ थांबून म्हणाले, "दोन आपल्या गोठ्याला लावलेत. बाकीचे कुणी नेले, ठाऊक नाही गं."

उद्या त्या दोघांचे फोटो काढून पाठवायला सांगणार आहे.