मुंबई ते न्यूयॉर्क थेट: जाताना १६ तास, येताना १४

मुंबईपासून न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळापर्यंतचं हवाई अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. आईला वाटत होतं, विमान अरबस्तान, भूमध्य समुद्र असं नाकासमोर पश्चिमेला जाणार. पृथ्वीगोलावर दोरा ताणला की कळतं, जवळची वाट रशिया, नॉर्वेच्या अंगाने वर चढते आणि ग्रीनलँडच्या दक्षिणेकडून खाली उतरते. अर्थात विमान दोऱ्यावरून जात नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केलं आणि आपल्या कंपन्यांना वळसा पडू लागला. म्हणून किलोमीटर सोडा, आपल्या फ्लाइटचे तास बघा.

तेही दोन्ही बाजूंना सारखे नसतात. वरच्या हवेत पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. समोरच्या स्क्रीनवर जाताना वेग ताशी ८००च्या आसपास रेंगाळत होता, येताना १,०००च्या वर गेला. हिवाळ्यात हा फरक आणखी जाणवतो. घड्याळाची गंमत वेगळीच: उन्हाळ्यात तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे (हिवाळ्यात साडेदहा), त्यामुळे पहाटे दोनला निघालेला माणूस त्याच तारखेला सकाळी साडेआठच्या सुमारास उतरतो.

तारखेवरून आठवलं. १४ तारखेचं पहाटे दोनचं विमान म्हणजे १३च्या रात्री दहाला टर्मिनल २वर हजर. घरातल्या सगळ्यांना, गाडीवाल्यालासुद्धा, "१३ची रात्र" असंच सांगा.

आई-बाबांना पाठवणार असाल तर व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा. पैसे पडत नाहीत, आणि इमिग्रेशनच्या (पासपोर्ट-व्हिसा तपासणीच्या) रांगेत तिची किंमत कळते. सीट आयलचीच, म्हणजे चालायच्या वाटेलगतचीच घ्या. दर दोन तासांनी उठून दोन फेऱ्या मारायला सांगा. आईचे पाय दहाव्या तासाला इतके सुजले की पट्ट्याची चप्पल चढेना, शेवटी मोज्यांवरच बाथरूमला गेली. वेलक्रोची सैल चप्पल द्या. रोजच्या गोळ्या हँडबॅगेत, चिठ्ठीसकट. मधुमेह असेल तर कोणती गोळी केव्हा घ्यायची हे डॉक्टरांना आधी विचारा.

सलग सोळा तास झेपणार नसतील तर अबू धाबीमार्गे जाण्याचा विचार करा. अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं, आणि न्यूयॉर्कला उतरल्यावर थेट बॅगांच्या पट्ट्याकडे जाता येतं. मला वाटतं, पहिल्यांदाच एकट्याने जाणाऱ्या सत्तरीच्या माणसाला मात्र थेट विमानच बरं. मधल्या विमानतळावर गेट शोधण्याचा ताप नको.

खाण्याचं काय काय आहे असं कस्टम्सवाल्याने विचारलं तर लोणचं, भाजणी, मसाले सगळं सांगून टाका. सांगितलं तर फार तर एखादी वस्तू काढून घेतील. लपवलं तर दंड होऊ शकतो. मांसाचे पदार्थ आणि ताजी फळं मात्र घरीच ठेवा.