तुमच्यात चित्र चालतं का?

चहाच्या टपरीवर, शाळेच्या स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, प्रश्न एकच. "पेंटरभाऊ, तुमच्यात चित्र काढणं चालत नाही ना? मग तुम्ही कसे?" नात्यातले लोकही हेच विचारतात, फक्त 'तुमच्यात'ऐवजी 'अपने में' म्हणतात.

तर घ्या उत्तर. कुराणात चित्रांवर थेट बंदी नाही. हदीसमध्ये, म्हणजे प्रेषितांच्या वचनांत, सजीवांच्या प्रतिमांबद्दल कडक शब्द आहेत, उलेमांचं, म्हणजे धर्मपंडितांचं, त्यावर एकमत नाही, आणि मुघल दरबारातल्या चित्रांत चेहरेच चेहरे आहेत. फ्लेक्स येईपर्यंत मीही पुढाऱ्यांचे चेहरे आणि गणेश मंडळांचे बोर्ड रंगवूनच घर चालवलं. आता नक्षी काढतो. मग कोणीतरी चित्रकार सय्यद हैदर रझांचं नाव काढतं. नागपूरच्या चित्रशाळेत शिकले, 1950 मध्ये पॅरिसला गेले, बिंदू काढला. "बघा, ते कसे!" कसे, ते मात्र कोणी सांगत नाही.

टाकीचं सांगतो. अकोटकडच्या एका गावात ग्रामपंचायतीची पाण्याची टाकी रंगवायला मिळाली. सरपंच म्हणाले, काहीही काढा, छान दिसलं पाहिजे. गोल टाकीवर नक्षी अवघड; शेवटचा तारा पहिल्याला जुळला नाही तर सगळं फसतं. मी टाकीला सुतळी गुंडाळली, घेर मापला, ती सुतळी चारदा दुमडली. सोळा सारखे भाग मिळाले. प्रत्येक भागात चौकोनावर तिरपा चौकोन टाकून आठ टोकांचा तारा. रंग गेरू आणि निळा. हिरवा मुद्दाम टाळला. इतकं शहाणपण या भागात आपोआप येतं.

दुसऱ्याच दिवशी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो: 'टाकीवर उर्दूत काय लिहिलं?' अक्षर एकही नव्हतं. सरपंचांचा फोन आला. "भाऊ, मले मालूम हाय त्यात काही नाई. पण झंझट कायले पाह्यजे? तुमीच पांढरा मारून द्या, मजुरी देतो."

मी मारला. मजुरीही घेतली. पांढरा मारताना आमच्या जमातीतले एक चाचा खालून ओरडले, "बेटा, इसमें कोई पाक कलाम तो नहीं था ना?"

"नहीं चाचा, कुछ लिखा ही नहीं था."

"फिर बनाया काहे को?"

ग्रुपवाल्यांचा राग आला, पण ते अपेक्षितच होतं. चाचांना काय सांगणार? याच तालुक्यात नरनाळा किल्ल्याचा महाकाली दरवाजा आहे. त्यावर कमळं आहेत, दगडी जाळ्या आहेत, आणि अरबी अक्षरं तर खरीखुरी आहेत. त्याचे फोटो त्याच ग्रुपवर 'आपला वारसा' म्हणून फिरतात.

तरुणपणी मी ठणकावून सांगायचो, कलेला धर्म नसतो. आता तेवढ्या जोरात बोलवत नाही, कारण जाळी जुळत आली की तोंडून आपसूक 'सुब्हानल्लाह' निघतं. मग ही नक्षी इबादत झाली का? तसंही नाही, इबादतीची मजुरी कोण घेतं? आणि चेहरे सोडले ते दीनसाठी, म्हणजे धर्मासाठी, की फ्लेक्सनं धंदा खाल्ला म्हणून, यावर बायकोला एक सांगतो, मशिदीत दुसरं. तुम्हाला तिसरं सांगितलं तर रागावू नका. त्यापेक्षा सुतळी पाचदा दुमडली असती तर तारे किती बारीक झाले असते, ते विचारा. त्यावर तासभर बोलेन.