आधी राखाडी ठरवा, मग हिरवा

सर्व्हरचं मॉनिटरिंग नवीन बसवलं की सगळ्यांचं लक्ष पहिल्यांदा जातं ते पिवळा कुठे आणि लाल कुठे यावर, ८० टक्के ठेवायचं की ९० यावर तासभर चर्चा होते, आणि डेटाच आला नाही तर काय दाखवायचं, म्हणजे 'माहीत नाही'चा राखाडी कधी, हे मात्र कोणी विचारत नाही. मीही नव्हतं विचारलं, म्हणून हे लिहितेय.

बॅकअप झाला की नाही हे बघणारी एक छोटी शेल स्क्रिप्ट (कमांडची यादी) मी नेजिओस या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरला जोडली होती. नेजिओसचा हिशोब अगदी साधा, चेकचा एक्झिट कोड, म्हणजे स्क्रिप्ट संपताना परत देते तो आकडा, ० आला की ओके, १ म्हणजे वॉर्निंग, २ क्रिटिकल आणि ३ अननोन, म्हणजे माहीत नाही. शेजारी जो मजकूर दिसतो त्याच्याकडे तो बघतच नाही, रंग फक्त कोडवरून ठरतो. माझ्या स्क्रिप्टची शेवटची ओळ होती एको, म्हणजे नुसता मजकूर छापणारी कमांड, आणि वेगळा एक्झिट लिहिला नाही तर शेलमध्ये शेवटच्या कमांडचा कोड तोच स्क्रिप्टचा कोड, त्यामुळे आत काहीही होवो, बाहेर ० च यायचा. ११ दिवस बॅकअप झाला नव्हता. आणि त्या हिरव्या पट्टीवर स्पष्ट लिहिलं होतं, 'बॅकअप फाईल सापडली नाही'. रोज ते पान उघडत होते मी, पण सगळं हिरवं दिसलं की डोळे पुढे सरकतात, अक्षरं कोण वाचतं!

तेव्हापासून नवीन चेक लावला की मी तो आधी मुद्दाम पाडून बघते. फाईलचं नाव बदलायचं, सर्व्हिस बंद करायची, एजंट (सर्व्हरवरचे आकडे देणारा छोटा प्रोग्राम) थांबवायचा, आणि प्रत्येक वेळी रंग खरंच बदलतो का ते स्वतः बघायचं. एजंट थांबवून बघणं तर सोडूच नका. प्रोमिथियस या दुसऱ्या मॉनिटरिंग टूलमध्ये मशीनच गेलं तर त्याचा मेट्रिक, म्हणजे मोजलेला आकडा, येणं बंद होतं, मग मेमरी ९० टक्क्यांच्या वर आहे का या प्रश्नाला उत्तरच रिकामं येतं आणि आधीपासून वाजत असलेला अलर्टसुद्धा सुटला असं दाखवतो. म्हणजे सर्व्हर मेला आणि लाल गेला. म्हणून 'अप' (मशीनकडून आकडे मिळाले तर १, नाहीतर ०) ० झालं का आणि मेट्रिक गायब आहे का, हे दोन वेगळे नियम हवेतच. झॅबिक्स हे टूल वापरत असाल तर त्यात नोडेटा फंक्शन याच कामाचं आहे, आणि ग्राफाना या डॅशबोर्ड टूलच्या अलर्टमध्ये नो डेटा आल्यावर काय करायचं ते निवडता येतं, तिथे नॉर्मल निवडू नका प्लीज.

आकड्यांबद्दल थोडंच सांगते. डिस्कला सगळीकडे एकच टक्का लावू नका, २० जीबीच्या डिस्कवर ९० टक्के म्हणजे २ जीबी उरलेत आणि ४ टीबीवर ४०० जीबी, दोन्हीकडे तोच लाल लावला तर लोक लाल बघणं सोडून देतात. आणि आयनोड, म्हणजे प्रत्येक फाईलमागे डिस्कवर लागणारी एक नोंद, वेगळे मोजा, जागा भरपूर दिसत असताना बारीक बारीक फाईल्सनी आयनोड संपतात आणि नवीन फाईल बनतच नाही.

रंग सारखा उड्या मारत असेल तर लाल व्हायचा आकडा आणि परत हिरवा व्हायचा आकडा वेगळा ठेवा. झॅबिक्समध्ये रिकव्हरी एक्सप्रेशन असतं, ९० च्या वर गेलं की प्रॉब्लेम आणि ८० च्या खाली आलं की मगच सुटला. नेजिओसमध्ये पहिल्या फेलला सॉफ्ट स्टेट असते, ठरवलेले प्रयत्न संपल्यावरच ती हार्ड होते आणि मेसेज जातो.

अजून एक, लाल-हिरव्यातला फरक न दिसणारी माणसं टीममध्ये असू शकतात, म्हणून रंगासोबत शब्द किंवा आयकॉन द्या.

माझ्या बोर्डवर आता बॅकअपची पट्टी सुरुवातीला राखाडीच असते, आजची फाईल आहे, ती रिकामी नाही आणि तिची वेळ २४ तासांच्या आतली आहे, हे तिन्ही जमलं तरच ती हिरवी होते.