गुलाबी रंगानं डोकं शांत होते म्हणे

गुलाबी रंगानं माणूस थंड होते म्हणतात. 1979 मध्ये अमेरिकेत सिअ‍ॅटलला नौदलाच्या तुरुंगात एक कोठडी मुद्दाम गुलाबी रंगवली होती, आत टाकलेल्या कैद्याचा राग उतरावा म्हणून, अन् सुरवातीला सगळ्यांना वाटलं जमलं बुवा, पण नंतर लोकांनी नीट तपासलं तर तसा काही पक्का परिणाम दिसला नाही. आमच्या इकडच्या कापूसवाल्याला विचारायचं होतं न राजेहो! 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटीची अशी वाट लावली की अजूनही हिरवं बोंड फोडून पाहताना छातीत धस्स होते, अन् आत ती गुलाबी वळवळताना दिसली की थंड कायचं, डोकंच सणकते.

पिवळ्याचंही तेच. नेटवर कुठंही पहा, पिवळा म्हणजे आनंद, उत्साह वगैरे. इथं सोयाबीन पिवळं कधी पडलं त्यावर सगळं आहे. शेंगा भरल्यावर पडलं तर घरात मजूर, थ्रेशर, भाव, दिवाळीचे कपडे असं सगळं बोलणं सुरू होते, अन् तेच फुलावर असताना पडलं तर मोझॅक रोग आला समजा, मग बाबा खाली मान घालून जेवतात अन् कोणी मीठसुद्धा मागत नाही. गंमत म्हणजे हा रोग पसरवणाऱ्या पांढऱ्या माशीलाही पिवळाच रंग ओढते, म्हणून तर वावरात पिवळे चिकट सापळे लावतात. फुलकिड्यांसाठी निळे. किड्यांची पण आवडनिवड असते बाप्पा.

निळ्या उजेडानं डोळ्यातून मेंदूला दिवस असल्याचा निरोप जाते अन् झोप उडते, हे शास्त्रातलं मला पटते, रात्री मोबाईल पाहणाऱ्या कोणालाही पटेल. पण जुलैत आभाळ निळंशार झालं की पुण्याहून आलेला पाहुणा फोटो काढत सुटते अन् आजी त्याच आभाळाकडं पाहून तोंड फिरवते, तिला काळंच पाहिजे. अन् 14 एप्रिलला चौकात निळे झेंडे लागले की माझ्या दोस्ताची चालच बदलते, छाती पुढं, आवाज वर. त्याचे आजोबा 1956 ला दीक्षाभूमीवर पांढरे कपडे घालून गेले होते, ते तो त्या दिवशी हमखास सांगते.

यंदा घर रंगवायचं निघालं. पेंटरनं शेडकार्ड आणलं. बाबांनी गुलाबी पान बघितलंच नाही, पिवळ्यालाही नाही म्हणाले, मला निळा पाहिजे होता. मायनं विटकरी सांगितला, धूळ दिसत नाही म्हणून, अन् विषय संपला.